देहाचे अंतराय आणि पुंडलिकाची वीट



श्वासावर लक्ष ठेवून नामस्मरणास बसण्याची आवड अलीकडे आपल्या माळकरी मंडळींत वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बसल्यानंतर दहाव्या मिनिटाला जे सुरू होते, त्याविषयी मात्र कोणी उघडपणे बोलत नाही. नाकाच्या शेंड्यावर खाज सुटते. घशात ठसका दाटतो. पोट गुरगुरते. तोंडात लाळ जमते, आणि ती गिळावी की न गिळावी हाच मोठा प्रश्न होऊन बसतो. डाव्या पायाला मुंग्या येतात. गुडघ्याचे तर विचारूच नये. एरवी मुकाट असणारा गुडघा नेमका त्याच वेळी कीर्तनाला उभा राहतो! मग साधक मनात म्हणतो, 'आपल्याला काही हे जमायचे नाही.' आणि चार दिवसांनी आसन गुंडाळून माळ्यावर टाकतो.

काशीमीरा येथे एका चातुर्मासात आमची प्रवचने चालू होती. काशी आणि मिरे ह्या दोन जुन्या गावांच्या नावांचा हा जोड. पण कीर्तनकाराच्या कानाला त्यात एक तीर्थ आणि एक संत स्त्री ऐकू येणारच, त्याला इलाज नाही. वस्ती मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी, म्हणजे डासांना दोन्हीकडून आमंत्रण. तेथील भजनी मंडळाची वीस-पंचवीस माणसे काकड्यापूर्वी अर्धा तास श्वासाबरोबर नाम घेत बसत. बहुतेक साठीच्या पुढची. कोणी गिरणीत उभे राहून आयुष्य काढलेले, कोणी मिठागरात राबलेले, कोणी भाताच्या लावणीत वाकून वाकून कंबर गेलेल्या बाया. सर्वांचा प्रश्न एकच होता. "बुवा, हलायचं की नाही हलायचं?"

प्रश्न लहान दिसतो, पण त्याचे उत्तर 'देह विसरा' एवढ्यावर भागत नाही. आपण देहाला विसरायला निघालो तरी देह आपल्याला विसरत नाही, त्याचे काय करावयाचे?

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताचे नऊ अंतराय मोजले आहेत. त्यांत पहिले नाव व्याधीचे. संशय, आळस, भ्रांती ही सर्व मागाहून. पुढे ह्या अंतरायांबरोबर येणारी चार सोबती मंडळी सांगितली आहेत: दुःख, दौर्मनस्य, अंगमेजयत्व आणि श्वास-प्रश्वासाची अस्थिरता. अंगमेजयत्व म्हणजे अंगाचे हलणे, कापणे, अस्वस्थ होणे. म्हणजे काशीमीऱ्याच्या आजीबाईंना पहाटे जे होते, त्याला दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच नाव मिळालेले आहे. ज्याला शास्त्रात नाव आहे ते आपल्या एकट्याचेच दुर्दैव कसे असेल? आणि पतंजली ह्याला पाप म्हणत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. ते त्याला वाटेतला अडसर म्हणतात.

आसनाविषयी त्यांची अपेक्षा दोन गुणांची आहे, स्थिरता आणि सुख. ती कशी साधावी ह्याचे उत्तर त्यांनी लगेच दिले आहे: प्रयत्न सैल करून. आपली मंडळी नेमके उलटे करतात. दात आवळतात, खांदे कानापर्यंत नेतात, पाठ अशी ताणतात की जणू फोटो काढावयाचा आहे. अशा बसण्यात स्थिरता नाही आणि सुख तर नाहीच. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आसन फार उंच नको, फार सखल नको असे सांगून त्याखाली काय पसरावे येथपर्यंत तपशील दिला आहे. शिवाय खाणे, झोपणे, जागणे ही सर्व बेताची असावीत अशी अट घातली आहे. ज्या देहाला विसरावयाचे आहे त्याच्या बैठकीची एवढी काळजी भगवंत कशाला करतील? श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे सांगितलेल्या ज्ञानेश्वरीतही ह्या सहाव्या अध्यायावर विस्ताराने निरूपण आहे. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून माऊलींना आलेला हा वारसा आहे. तेव्हा 'श्वासाबिसाचे आपल्या पंथात काय काम' असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. माऊलींनी हरिपाठात भावावाचून योगाला किंमत दिली नाही, हे खरेच आहे. परंतु भाव असलेल्या माणसाने श्वासाकडे पाहू नये, असे त्यात कोठे आले?

बसूनच उपासना का करावी, हा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात आला आहे. त्यावर आचार्यांचे भाष्य मोठे व्यवहारी आहे. चालताना, धावताना चित्त विखुरते. उभे राहिले की देह सावरण्यात मन गुंतते. आडवे झाले की झोप गाठते. म्हणून बसावे. एवढाच हेतू! आणि जेथे चित्त एकाग्र होते ती जागा योग्य, दिशेचा, स्थळाचा वेगळा नियम नाही, असा निर्णयही तेथेच पुढे दिला आहे. पद्मासन घातल्यावाचून देव भेटत नाही असे जे कोणी सांगतात, त्यांनी हे अधिकरण वाचावे.

आता आणखी एक गोष्ट. ज्या जंगलाच्या कडेला काशीमीरा वसले आहे, त्याच डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी, आणि हजार वर्षे तेथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. लहान लहान खोल्या, आत दगडाचा कोरलेला ओटा, बाहेर पाण्याचे टाके. येणाऱ्या जाणाऱ्या श्वासाची स्मृती ठेवणे ही त्यांची मोठी साधना. त्यांनाही हेच जंगल, हाच पावसाळा आणि ह्याच डासांचे पूर्वज. आमचे शिक्षण संस्कृत पाठशाळेतले, पाली ग्रंथ आम्ही भाषांतरातून वाचले. पण मज्झिम निकायातले सब्बासव सुत्त वाचताना वाटले, हे तर आपल्या मंडळींच्या प्रश्नाचेच उत्तर आहे. काही गोष्टी सोसून जिंकावयाच्या, असे बुद्ध तेथे सांगतात: थंडी, ऊन, भूक, तहान, डास, आणि अंगातल्या वेदनासुद्धा, तीव्र असल्या तरी. काही गोष्टी टाळूनच जिंकावयाच्या: पिसाळलेला हत्ती, साप, काटेरी झुडूप, कडा. तेथे सोसण्याचा पुरुषार्थ दाखवावयाचा नाही. आणि काही गोष्टी विचारपूर्वक वापरून जिंकावयाच्या. त्यांत वस्त्र येते, राहावयाची जागा येते, औषध येते. गंमत अशी की ज्या सुत्तात डास सोसा म्हटले आहे, त्याच सुत्तात वस्त्राचा एक उपयोग डासांपासून रक्षण हा सांगितला आहे! म्हणजे अंगावर पांघरूण घ्या, आणि तरीही एखादा चावलाच तर ध्यान मोडू नका.

ही वाट नंतर आपल्या मुलखात पुन्हा रुजली. इगतपुरीचे धम्मगिरी १९७६ पासून आणि काशीमीऱ्याहून फार दूर नसलेला गोराईचा पॅगोडा २००९ पासून श्वासाची साधना शिकवीत आले आहेत. आपले दैवत वेगळे, आपले साधन नाम. पण गुडघा सर्वांचा सारखाच दुखतो, म्हणून ज्याने त्याचा विचार केला त्याचे ऐकावयास हरकत नाही.

तर मग सोसावे कोणते आणि उठावे केव्हा? येथे आम्हांला आपल्या घरचाच एक दृष्टांत आठवतो, आणि आमच्या मते ह्या सर्व प्रकरणाची किल्ली त्यातच आहे.

पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत बसला आहे. दारात पाहुणा आला. पाहुणा साधासुधा नव्हे, साक्षात द्वारकेचा राणा. पुंडलिकाने काय केले? हाकलून दिले नाही. रागावला नाही. पण हातातले पाय सोडून उठलाही नाही. एक वीट मागे सरकवली आणि म्हणाला, यावर उभा राहा, माझे काम होऊ दे. ती वीट अजून तेथेच आहे, आणि अठ्ठावीस युगे तो पाहुणा तिच्यावर कमरेवर हात ठेवून उभा आहे, असे आपण गातो.

अहो, देवालासुद्धा थांबवता येते, तर नाकाच्या खाजेला थांबवता येणार नाही? खाज आली की तिला वीट द्यावी. मनात हळूच म्हणावे, 'खाज आली आहे, उभी राहा.' आणि नाम जेथे होते तेथेच धरावे, 'राम' म्हणताना श्वास आत, 'कृष्ण हरी' म्हणताना बाहेर. खाजेशी भांडावयाचे नाही. भांडण म्हणजे तिच्याशी बोलत बसणेच होय. ती वाढते, शिखराला जाते आणि बहुतेक वेळा पाच-दहा श्वासांत आपणच विरते. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यासारखे अनुभवास आले की साधकाला जो विश्वास वाटतो, तो दहा प्रवचनांनी येत नाही. श्वास मोजावयाची सवय असेल तर मोजावे. बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये असे सांगितले आहे. तो आकडा सोयीचा आहे, कारण दहापर्यंत जाताना माणूस हरवला तर लगेच कळते.

लाळ आली तर गिळावी. ठसका आला तर खोकावे. विटेवर उभे राहावयास ह्यांना सांगू नये, ती बिचारी थांबूच शकत नाहीत. आणि खाज विटेवर उभी राहूनही ओरडू लागली तर एकदा सावकाश हात न्यावा, खाजवावे, हात परत आणावा, तोंडात नाम चालू ठेवावे. ह्यात व्रतभंग नाही. पाठशाळेत आमचे गुरुजी चुळबुळ करणाऱ्या मुलाला रागे भरत नसत. त्याला आडावरून एक घागर पाणी आणावयास पाठवीत. परत आला की तो गपचूप बसे. काशीमीऱ्याच्या एका बाईंनी विचारले होते, "बुवा, मधेच पाय बदलला तर माळ पहिल्या मण्यापासून घ्यायची का?" कशासाठी? बोट ज्या मण्यावर थांबले असेल तेथून पुढे घ्यावी.

परंतु दृष्टांताची दुसरी बाजू विसरता उपयोगी नाही. पुंडलिकाने पाहुण्याला थांबवले ते कशासाठी? देहाच्या सेवेसाठी! म्हाताऱ्या आईबापांचे दुखणारे पाय त्याच्या हातात होते. समजा त्या वेळी आई म्हणाली असती, 'बाळ, छातीत कळ येते आहे,' तर पुंडलिकाने तिलाही वीट दिली असती काय?

हे आम्ही मुद्दाम का लिहितो ते सांगतो. काशीमीरा येथीलच एक गृहस्थ, वय सत्तरीच्या आसपास, नित्य वारी करणारे. चातुर्मासात अर्धा तास अजिबात हलावयाचे नाही असा नेम त्यांनी आपल्याच मनाने धरला. एके पहाटे बसल्यावर छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले, घाम फुटला, डावा हात जड पडला. गृहस्थ बसूनच राहिले. अर्धा तास पुरा केला, आरतीला उभे राहावयास गेले आणि कोसळले. मुलाने तातडीने इस्पितळात नेले, हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी घालावी लागली, पांडुरंगाच्या कृपेने जीव वाचला. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "बुवा, मी म्हटलं हा अंतरायच असणार. परीक्षा बघतोय."

ह्या भोळ्या निष्ठेपुढे हात जोडावेसे वाटतात, आणि त्याच वेळी भीतीही वाटते. पांडुरंग अशी परीक्षा घेत नाही. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, घाम, दम कोंडणे, एकाएकी एका अंगातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, ह्यांपैकी काहीही झाले तर ते पिसाळलेल्या हत्तीच्या यादीतले आहे. तेथे सोसणे नाही. तत्क्षणी शेजाऱ्याला हाक मारावी. माळेचे मणी १०८ आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा क्रमांकही १०८, एवढा योग पुरे आहे लक्षात ठेवावयास.

पायाला मुंग्या येण्याविषयी आता थोडे. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला, एक मज्जातंतू हाडावरून अगदी वरवर जातो. मांडी घातली की तो दबतो आणि पाय झोपतो. पाय सोडला की थोड्या वेळात जागा होतो. ह्यात घाबरण्यासारखे बहुधा काही नसते. खरा धोका उठण्यात आहे. झोपलेल्या पायावर म्हातारा माणूस एकदम उभा राहिला की तोल जातो, आणि ह्या वयात पडणे म्हणजे खुबा मोडणे. तेव्हा आरतीची घंटा वाजली तरी घाई करू नये. पाय लांब करावा, बोटे हलवावी, भिंतीचा आधार घेऊन मग उठावे. आरती दोन मिनिटे थांबली तर देव रागावत नाही. त्याला उभे राहावयाची सवय आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायाची तर निराळीच गोष्ट. तो पाय दुखतो असे सांगतच नाही. कडक फरशीवर घोटा घासून जखम झाली तरी कळत नाही. अशांनी घोट्याखाली घडी घातलेले कापड घ्यावे आणि उठल्यावर पाय डोळ्यांनी पाहावा.

गुडघ्याचे दोन प्रकार आहेत. पाय लांब केल्याबरोबर जे दुखणे विरते ते बैठकीचे दुखणे. ढुंगणाखाली चार बोटे उंच उशी घेतली, गुडघे जमिनीकडे झुकू दिले, की ते पुष्कळसे निवते. पण जे दुखणे संध्याकाळपर्यंत टिकते, ज्याने सूज येते, जे सुरीसारखे टोचते, त्या गुडघ्याला मांडीत घालणे हा हट्ट आहे. त्याने खुर्चीवर बसावे. पावले दोन्ही जमिनीला टेकवावी, पाठ जमेल तेवढी सरळ, हात मांडीवर. काशीमीऱ्याच्या मंडळींना हे पटावयास वेळ लागला. 'खुर्चीवर बसून देवासमोर?' असे एकीने तोंडावर पदर घेऊन विचारले. आम्ही म्हणालो, तुम्ही चाळीस वर्षे चिखलात वाकून लावणी केलीत, आता जरा सरळ बसलात तर त्यात कोणाचा अपमान?

डासांविषयी आम्ही स्पष्ट मत देतो. भिक्षूला चीवर होते, आपल्याला मच्छरदाणी आहे. पावसाळ्यात हिवताप आणि डेंगी घरोघर येतात, आणि डेंगीचा डास उजाडताना व सांजेला अधिक चावतो, म्हणजे आपल्या बसण्याच्याच वेळी. मच्छरदाणीत बसून घेतलेले नाम कमी प्रतीचे ठरत नाही. महामार्गाचे भोंगे मात्र मच्छरदाणीने थांबत नाहीत. त्यांना सरळ वीट द्यावी.

एक इशारा श्वासाविषयीच. पुष्कळ जण श्वास पाहावयाच्या ऐवजी श्वास ओढू लागतात. मोठमोठे, भराभर. मग ओठांना आणि बोटांना झिणझिण्या येतात, डोके हलके होते, आणि काही तरी सिद्धी आली असे वाटते! सिद्धी काही नाही. जोराच्या श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा हा खेळ आहे. श्वास आपल्या चालीने चालू द्यावा. नाथपंथी ग्रंथांत दिवसरात्रीचे श्वास २१,६०० मोजले आहेत. भागून पाहिले तर मिनिटाला पंधरा येतात, आणि आजचे डॉक्टरही निरोगी माणसाचे बसल्या जागचे श्वास बारा ते वीस सांगतात. म्हणजे तो अजपाजप आपोआप चाललेलाच आहे, आपण नुसते शेजारी जाऊन बसावयाचे. कुंभक करून श्वास कोंडण्याचा प्रयोग तर रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रोग्यांनी कोणाच्या सांगण्यावरून करू नये.

झोपेचे दुखणे सोपे आहे. रात्रपाळी करून आलेला मुलगा पहाटे बसला आणि पेंगला, तर त्याला ध्यान शिकवू नये, अंथरूण घालून द्यावे. जेवून लगेच बसणाऱ्याला काय सांगावे? त्याचे पोटच सांगते. इतरांनी डोळे अर्धे उघडे ठेवावे, किंवा उभे राहून दोन अभंग म्हणावे आणि पुन्हा बसावे.

ज्यांना कोणत्याही प्रकारे बसणेच होत नाही, त्यांचे काय? आचार्यांनी चालणे विक्षेपाचे म्हटले खरे. पण चालण्याला टाळ आणि नाम जोडून दिले की विक्षेप पुष्कळ कमी होतो, हे आळंदीहून पंढरीपर्यंत पायी गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जनाबाईंना बसावयास वेळ होता कोठे? जाते ओढता ओढता नाम. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. पायाला फोड, पाठीवर पडशी, वर ऊन किंवा पाऊस. तेथे आपला वारकरी फोडाला वीट देतोच, आणि मुक्कामावर गेल्यावर त्याच फोडाला दवाखान्याच्या तंबूत मलमपट्टीही करून घेतो. दोन्ही त्याला न शिकवता येते. घाटात दम लागला तर टाळ खाली घ्यावा, कडेला दगडावर बसावे, पाणी प्यावे, आपली दिंडी पुढे गेली तर जाऊ द्यावी. दम परत आला की उठून मागून येणाऱ्या दिंडीत शिरावे आणि तिच्या चालीवर चालू लागावे.